बटाट्याची पात कुणाच्या मालकीची?

वकीलताई, नमस्कार.

मी कोपरखैरण्यात राहतो. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, त्यामुळे एपीएमसीत लहानपणापासून वावरलोय. गेली सहा वर्षं रोज पहाटे तीनला घर सोडतो. आधी भाजी मार्केट, मग कांदा-बटाटा. तीस-पस्तीस गाळे हिंडतो, आवक किती, माल कसा, भाव काय निघाला ते वहीत टिपतो आणि साडेसहाच्या आत यादी करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचे हॉटेलवाले, मेस चालवणाऱ्या बायका, हातगाडीवाले असे दोनशे दहा जण महिना दीडशे रुपये देऊन ही यादी घेतात. घर त्यावर चालतं.

माझ्याकडे दीड वर्ष एक पोरगा कामाला होता. माझ्याच गाडीवर मागे बसून बाजार शिकला. दिवाळीनंतर सोडून गेला. आता तो घणसोलीत घरी झोपलेला असतो, माझी यादी कुणाकडून तरी मिळवतो आणि वीस मिनिटांत तेच भाव स्वतःच्या ग्रुपवर टाकतो. महिना पन्नास रुपये. पहिले दोन महिने तर माझ्या यादीचाच फोटो टाकत होता, वरचं माझं नाव कापून. मी फोनवर चार शब्द सुनावले, तेव्हापासून आकडे नव्याने टाइप करतो. माझी पस्तीसेक गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. खात्री करावी म्हणून एक दिवस यादीत मी ‘बटाट्याची पात, जुडी १४ रुपये’ असं घुसडलं. कांद्याची पात असते, बटाट्याची कोण विकतो? वीस मिनिटांत त्याच्याकडेही बटाट्याची पात, जुडी १४!

ओळखीचा एक एजंट म्हणतो, आकड्यांचं कॉपीराइट रजिस्टर करून देतो, पंचवीस हजार लागतील. भाचा म्हणतो, सरळ नोटीस धाडा, तीन वर्षं आत जाईल. ताई, झोपमोड माझी, पायपीट माझी, मग आकडे माझे नाहीत का? लासलगाव-पिंपळगावचे भाव मी सरकारी वेबसाइटवरून घेऊन शेवटी टाकतो, ते चालतं ना? आणि तुमचं उत्तर मी माझ्या ग्रुपवर टाकलं तर चालेल का?

एक भाववाला, कोपरखैरणे

*

दादा,

मध्यम कांदा आज २२ रुपयांनी गेला, असं तुम्ही वहीत लिहिता. हे २२ ठरवले कुणी? गाळ्यावरच्या आडत्याने आणि समोरच्या खरेदीदाराने, घासाघीस करून. तुम्ही बाजूला उभे राहून ऐकलंत आणि टिपलंत. कॉपीराइटचा कायदा इथेच अडून बसतो. जो काही निर्माण करतो त्याला तो हक्क देतो, आणि २२ हा आकडा तुम्ही निर्माण केलेला नाही. तो तुम्हाला सापडला. सगळ्यांच्या आधी सापडला असेल, सगळ्यांत जास्त पायपीट करून सापडला असेल, तरी सापडलाच.

राग आला असेल, येऊ दे. कोर्ट नाक्यावरच्या माझ्या ऑफिसात ‘माझा डेटा चोरला’ म्हणत येणारे बरेच असतात आणि हे वाक्य ऐकून त्यातले निम्मे खुर्ची मागे सरकवतात. म्हणून जरा बसा.

ठाणेकरांना तोंडपाठ असलेली गोष्ट घ्या. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, इंजिनं तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. समजा, उद्या कुणी दहा वर्षं जुन्या दप्तरांची धूळ खाऊन शोधून काढलं की त्या दिवशी गाडी ठाण्यात अमुक इतकी मिनिटं उशिरा पोचली. त्यावर तो पुस्तक लिहील. पुस्तक त्याचं, त्यातलं प्रत्येक वाक्य त्याचं, गोष्ट सांगायची धाटणी त्याची. उशीर मात्र सगळ्यांचा. (आपल्याकडे लोकलचा उशीर तसाही सार्वजनिकच असतो.) पुढचा माणूस त्याला न विचारता तो उशीर आपल्या लेखात वापरू शकतो. पंचांगाचंही तसंच. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, यावर कुणाची मालकी नाही, म्हणून तर बाजारात इतकी कॅलेंडरं सुखाने नांदतात. कॅलेंडरच्या मागच्या पानावरचा लेख मात्र ज्याचा त्याचा.

आता तुमच्या बटाट्याच्या पातीकडे येते, कारण पत्र वाचताना मी तिथे मोठ्याने हसले. हीच युक्ती अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीने चाळीसेक वर्षांपूर्वी केली होती. कॅन्सस राज्यातली ग्रामीण भागातली कंपनी, नाव रूरल. आपल्या ग्राहकांची डिरेक्टरी छापायची. फाइस्ट नावाच्या दुसऱ्या प्रकाशकाला अकरा भागांची मिळून एक मोठी डिरेक्टरी काढायची होती. त्याने परवानगी मागितली, रूरलने नाही म्हटलं, त्याने तरी घेतलं. त्याच्या ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ नोंदी रूरलच्या नोंदींशी हुबेहूब जुळल्या, आणि त्यातल्या चार नोंदी रूरलने मुद्दाम घुसडलेल्या खोट्या होत्या. त्या कंपनीची बटाट्याची पात म्हणा ना. नक्कल झाली यात शंकाच उरली नाही.

आणि तरीही रूरल हरली. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव, गाव, फोन नंबर ही माहिती आहे, ती आडनावाच्या अक्षरानुसार लावण्यात डोकं लढवावं लागत नाही, आणि नुसता घाम गाळला म्हणून कॉपीराइट मिळत नाही. सापळ्यात सापडलेला माणूस चोर ठरायला, सापळ्यात ठेवलेली वस्तू आधी तुमच्या मालकीची असावी लागते. तुमच्या पातीने एवढंच सिद्ध केलं की पोरगा तुमची यादी पाहून लिहितो. ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, मग निदान ती पात तरी माझी? ती तर मी कल्पनेने घडवली! हा युक्तिवादही होऊन गेलाय. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीवाल्यांसाठी रस्ते आणि पत्ते सांगणारी पुस्तकं निघतात. एका प्रकाशकाने त्यात खोटा मजकूर पेरला होता आणि नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचलं होतं. १९९२ साली न्यायालयाने त्याला सुनावलं की जी गोष्ट तू लोकांना खरी माहिती म्हणून विकलीस, ती आता कोर्टात येऊन कल्पना म्हणून मिरवू नकोस. मला हे पटतं. तुमच्या यादीत ती पात १४ रुपयांचा माल म्हणूनच छापली होती.

अमेरिकेचं आपल्याला काय, असं भाचा विचारेल. आपल्याकडेही पूर्वी मेहनतीला बराच मान होता. एखाद्याने वेळ, पैसा, कष्ट घालून यादी केली तर न्यायालयं तिला संरक्षण देण्याकडे झुकायची. ते वळण १२ डिसेंबर २००७ ला बदललं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणारी लखनौची ईस्टर्न बुक कंपनी आणि तोच मजकूर सीडीवर विकणारे काही जण यांच्यातला वाद होता, प्रतिवादींपैकी एक डी. बी. मोडक. न्यायालयाने सांगितलं की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा. प्रकाशकाने नुसत्या किरकोळ दुरुस्त्या, तारखा, स्वल्पविराम घातले तर त्याला हक्क नाही. पण एकसलग निकालाचे परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता असहमत हे वाचून ठरवून लिहिणं, याला कायद्याची समज लागते, तेवढा भाग प्रकाशकाचा. म्हणजे श्रम पुरेसे नाहीत, थोडी तरी स्वतःची बुद्धी आणि निवड दिसली पाहिजे. आज भारतात मोजमाप हेच आहे.

वीस मिनिटांचा मुद्दा तुम्ही पत्रात दोनदा लिहिलात, म्हणजे खरी जखम तिथे आहे. शिळा भाव कुणी चोरला तर कुणाला पडलंय. ताजा चोरतो म्हणून दुखतं. हाच वाद क्रिकेटच्या स्कोअरवरून झाला. स्टार इंडियाने क्रिकेट मंडळाकडून हक्क विकत घेतले होते आणि काही कंपन्या मॅच चालू असताना एसएमएसवर स्कोअर विकत होत्या, त्यात क्रिकबझ चालवणारी कंपनीही होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आधी त्यांना पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो आदेश फिरवला. मैदानावर चौकार गेला ही घटना आहे, आणि कॉपीराइट कायद्याने ज्याला हक्क दिला नाही त्याला मागच्या दाराने ‘ताज्या बातमीचा हक्क’ देता येणार नाही, असा त्याचा सूर होता. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तुम्ही कोट्यवधींची कंपनी नाही आणि कांदा म्हणजे कोहलीचा चौकार नाही. वीस मिनिटांच्या ताजेपणावर दावा उभा करू नका.

एवढं वाचून वही फेकून देऊ नका. तुमच्या यादीत आकड्यांखेरीज जे आहे, तिथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे, आणि ते तुम्हीच पत्रासोबत पाठवलेल्या नमुन्यात मला दिसलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत तक्ते, संकलनं आणि संगणकावरचे डेटाबेससुद्धा येतात. ‘साहित्य’ शब्दाला बुजू नका, कायद्याला त्यात काव्य लागत नाही. तुमच्या यादीत कांदा सरसकट नाही. मोठा, मध्यम, गोल्टी असे तुकडे आहेत, उन्हाळ वेगळा, लाल वेगळा. पालेभाज्या अकारविल्हे लावलेल्या नाहीत, लवकर खराब होणारी आधी आणि टिकणारी नंतर अशा लावल्यात. बाजारात येणाऱ्या शेकडो जिनसांतून मेसवाल्याला लागणाऱ्या साठच घेतल्यात. शिवाय प्रत्येक गटाखाली तुमच्या दोन ओळी: ‘कांदा ओला येतोय, दोन दिवसांवर साठवू नका’, ‘टोमॅटो नारायणगावचा बघून घ्या, बाकीचा पाणचट’. ही निवड, ही मांडणी आणि त्या ओळी तुमच्या. त्याला रजिस्ट्रेशनचीसुद्धा गरज नाही; लिहिल्या क्षणापासून तुमच्या, आणि तुमच्यानंतर साठ वर्षं वारसांच्या.

म्हणून पोराच्या कारभाराचे दोन भाग पाडा. पहिले दोन महिने तो तुमच्या यादीचा फोटो नाव कापून फिरवत होता. ते उल्लंघन आहे, सरळसोट. तुमचा तक्ता, तुमच्या ओळी, सगळं जसंच्या तसं उचललं. वर नाव कापलं, तर कलम ५७ खाली आपलं नाव मागण्याचा लेखकाचा वेगळा हक्क आहे, तोही दुखावला. या दोन महिन्यांबद्दल तुम्ही नुकसानभरपाई मागू शकता, आणि दावा तुम्ही राहता त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ ती सवलत देतं. घणसोली काय आणि कोपरखैरणे काय, ठाणे जिल्हाच. पण त्यानंतर तो फक्त आकडे घेऊन स्वतःच्या साच्यात टाइप करतोय. तुमचे गट, तुमचा क्रम आणि तुमच्या ओळी सोडून नुसते २२, १८, ३० घेत असेल तर तो कायद्याच्या आत आहे. लबाड आहे, पण आत आहे.

मधे एक अरुंद वाट आहे, ती सांगून ठेवते. सापडलेला भाव आणि ठरवलेला भाव यांत फरक आहे. पस्तीस गाळ्यांवर पस्तीस भाव ऐकून, कुठला आडत्या चढवून सांगतो हे ओळखून, माल हातात घेऊन दाबून पाहून तुम्ही शेवटी लिहिता, ‘मेसवाल्याने आज २० च्या वर देऊ नये’. हा २० कुठल्याच गाळ्यावर कुणी उच्चारलेला नाही. तो तुमच्या डोक्यातून आला. जुन्या नाण्यांचे अंदाजे घाऊक भाव छापणाऱ्या एका अमेरिकन पत्रिकेच्या खटल्यात १९९९ साली तिथल्या अपील न्यायालयाने असे भाव मूळ निर्मिती मानले, कारण ते मोजलेले नव्हते, जाणकाराने अनेक गोष्टी तोलून काढलेले अंदाज होते. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, आणि एका आकड्यासाठी लढायला मी तुम्हाला सांगणारही नाही. पण धंद्याच्या दृष्टीने ही वाट सोन्याची आहे. आज तुमच्या यादीत हा ‘घ्यायचा भाव’ चार-पाच जिनसांनाच दिसतो, तोही कोपऱ्यात बारीक अक्षरांत. तो साठच्या साठ जिनसांपुढे जाड अक्षरांत यायला हवा. पोराने तो उचलला तर त्याला तुमचा अंदाज स्वतःच्या नावावर रेटावा लागेल, आणि ज्या दिवशी गिऱ्हाईक विचारेल ‘का रे वीसच?’ त्या दिवशी तो घणसोलीतल्या पलंगावरून काय सांगणार?

आता एजंट. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी एका कृतीला ५०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन होतो. फी भरल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबतात, मग छाननी. उरलेले चोवीस हजार पाचशे कशाचे, ते त्याला विचारा. शिवाय तो तुम्हाला जे विकतोय तेच मुळात नाही: आकड्यांची नोंदणी होत नाही, एका ठरावीक तक्त्याची होते, आणि तुमची यादी रोज नवी. नोंदणी नसेल तर दावाच नाही, असंही तो सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सोयाबीन तेलाच्या लेबलवरून झालेल्या वादात हा गैरसमज खोडून काढला आहे. नोंदणी ऐच्छिक आहे. पैसे घालायचेच तर यादीच्या नावाचा ट्रेडमार्क घ्या. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. नाव कापून विकता येतं, पण तुमच्यासारखंच नाव लावून विकता येऊ नये, एवढी तजवीज त्यात होते.

भाच्याला मात्र जरा आवरा. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, हे त्याने बरोबर वाचलंय. त्याच पुस्तकात तीन पानं मागे गेला असता तर कलम ६० दिसलं असतं. हक्क नसताना कॉपीराइटच्या नावाने कुणी धमकावलं, तर ज्याला धमकावलं तोच न्यायालयात जाऊन ती धमकी बिनबुडाची ठरवून घेऊ शकतो, मनाई मागू शकतो आणि नुकसानही वसूल करू शकतो. ‘माझे भाव वापरणं बंद कर नाहीतर आत टाकतो’ अशी नोटीस गेली आणि पोराने बरा वकील गाठला, तर तारखेला तुम्ही उभे राहाल. नोटीस पाठवायचीच असेल तर ती फक्त त्या दोन महिन्यांच्या फोटोंपुरती असावी आणि मोजक्या शब्दांत. त्या काळातले स्क्रीनशॉट ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, बदलू नका. अशा पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. या ६३ चा मघाच्या ६३ शी संबंध नाही, भाच्याला हेही सांगा.

गिऱ्हाइकांच्या यादीबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला वाटतं पस्तीस माणसं गेली ती तिथून गेली. भाव सगळ्यांना उघड असतात. कोण कुठल्या दिवशी किती कांदा उचलतो, कोण उधारीवर, कोणाला गोल्टी चालते, हे फक्त तुमच्या वहीत होतं. दोनशे दहा लोकांना रोज पाठवलेला भाव कधीच गुपित ठरणार नाही. ही वही ठरू शकते. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून नाही. विधि आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवलाय, मसुद्यासकट. तोवर सगळं करारावर आणि विश्वासभंगावर चालतं. न्यायालयं इथे एका सुरात बोलत नाहीत. १९९५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नोकरी सोडलेल्या माणसाने नेलेल्या ग्राहकांच्या डेटाबेसला कॉपीराइटचं संरक्षण दिलं होतं. २०१८ साली त्याच न्यायालयात, मोडक निकालानंतरच्या काळात, नुसत्या ग्राहकयादीवर असा हक्क मानायला नकार मिळाला.

त्यामुळे मला आधी हे कळलं पाहिजे की पोराने ती माहिती कशी नेली. तुमच्या कॉम्प्युटरमधून न विचारता एक्सेल कॉपी केली असेल, तर आयटी कायद्याचं कलम ४३ लागू पडतं आणि नुकसानभरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांपुढे अर्ज करता येतो. पण पासवर्ड तुम्हीच दिला होतात, रोज यादी तोच पाठवायचा, आणि गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह होते, असं असेल तर ‘न विचारता’ हा शब्द टिकवणं अवघड. त्यात हॉटेलवाल्यांचे नंबर त्यांच्या पाटीवरच रंगवलेले असतात. लेखी काही ठरलं होतं का? नसणार. गाडीवर मागे बसवलेल्या पोराकडून कोण सही घेतो. पुढच्या वेळी घ्या. पण ‘सोडल्यावर हा धंदा करणार नाही’ असं लिहून घेऊ नका, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ ते रद्दबातल ठरवतं. ‘गिऱ्हाइकांची माहिती आणि हिशेब बाहेर नेणार नाही, वापरणार नाही’ एवढं लिहून घ्या.

हिशेब मांडू. पस्तीस गिऱ्हाइकं गुणिले दीडशे म्हणजे महिन्याला ५,२५० रुपये गेले. दोनशे दहा होते तेव्हा ३१,५०० येत होते. पाच हजारांच्या गळतीसाठी दोन-तीन वर्षं तारखांना जाणं, तेही पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाने दुपारी कोर्टाच्या बाकावर पेंगत, हे मला वकील असूनही पटत नाही. गळती बुजवा. पोराला यादी कोण देतं? तुमच्याच उरलेल्यांपैकी कुणीतरी. त्यांचे तीस-तीसचे गट करा आणि प्रत्येक गटाला तीच यादी जरा वेगळ्या शब्दांत पाठवा. एका गटाला ‘मेथी नरम’, दुसऱ्याला ‘मेथी उतरली’, तिसऱ्याला ‘मेथी स्वस्त’. जिनसांचा क्रम एखाद्या जागी उलटा. भाव सगळ्यांना तोच आणि खरा. शब्द आणि क्रम तो सहसा जसाच्या तसा ठेवतो, कारण आळशी आहे. आठवड्यात कळेल कुठल्या गटातून पाणी झिरपतं. मग त्या एका माणसाला चहा पाजा आणि विचारा. सदस्यत्वाच्या मेसेजमध्ये ‘ही यादी पुढे पाठवू नये, पाठवल्यास बंद’ अशी ओळही घाला, ती तुमच्या दोघांतला करार आहे आणि पाळायला लावता येतो.

खोटे भाव मात्र पेरू नका. पातीपर्यंत ठीक होतं. कांद्याचा भाव दोन रुपयांनी वाढवून पाहावा असं मनात आलं असेल तर लक्षात ठेवा, मेस चालवणारी बाई त्या दोन रुपयांवर पन्नास किलो उचलते. ती दीडशे रुपये देते ते खऱ्या भावाचे.

लासलगाव-पिंपळगावबद्दल. बिनधास्त घ्या. ॲगमार्कनेटवर केंद्र सरकार रोजचे बाजारभाव टाकतं, आपलं कृषी पणन मंडळही टाकतं: किमान, कमाल, सर्वसाधारण, सगळं क्विंटलवर. ते लोकांनी वापरावेत म्हणूनच असतात. कुठून आणि कोणत्या तारखेचे, ते खाली लिहा. किलोत फिरवताना शंभराने भागायचं विसरू नका, तुमच्या नमुन्यात एका ठिकाणी पिंपळगावचा कांदा १७० रुपये किलो दिसतोय, तो सतरा असावा. आणि दादा, वर जी तक्रार केलीत तिच्याशी हे जरा ताडून पाहा. लासलगावला पहाटे कुणीतरी हे आकडे टिपलेच की. त्याला तुम्ही विचारलं नाहीत. विचारावं लागत नाही, ते याच नियमामुळे. वाशीचे गाळेवाले उद्या म्हणाले की आमचे भाव आमच्या मालकीचे, टिपायचे तर पैसे टाका, तर तुम्ही कुठल्या कायद्याकडे बोट दाखवणार? घणसोलीचं पोरगं ज्याच्या आड उभं आहे, त्याच्याकडेच.

शेवटचा प्रश्न. हो, उत्तर ग्रुपवर टाका. कलमं, सालं, फी, निकाल यावर माझी मालकी नाही, तुमच्या शब्दांत हवं तसं सांगा. माझी वाक्यं जशीच्या तशी टाकलीत तर सदराचं नाव वरून कापू नका. आणि बटाट्याची पात आजच यादीतून काढा. बटाट्याचा पाला विषारी असतो, आणि पन्नास रुपयेवाल्या यादीवर विश्वास ठेवून एखादा नवा मेसवाला खरोखर चार जुड्या मागायला गाळ्यावर उभा राहायचा.